धबधब्यातला गुलाबी रंग

जुलैत भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून आषाण्याच्या धबधब्याकडे निघालेल्या लोकांच्या पाठीवर आता कॅमेऱ्याच्या बॅगा सर्रास दिसतात. दाट हिरवा डोंगर, ओला काळा कातळ आणि त्यावरून कोसळणारं पांढरं पाणी. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हे सगळं जसंच्या तसं दिसतं. घरी येऊन त्याच फोटोची रॉ फाईल लॅपटॉपवर उघडली, की धारेच्या मधोमध फिकट गुलाबी पट्टा उमटलेला असतो. मग हाताला येईल तो स्लायडर ओढला जातो. टिंट हिरव्याकडे नेला की गुलाबी कमी होतो, पण कातळावर शेवाळी छटा चढते. सॅच्युरेशन उतरवलं की गुलाबी जातो आणि ज्यासाठी एवढं भिजलो ती हिरवाईही जाते.

हे प्रकरण अशा आगंतुक रंगांबद्दल आहे. समोर नव्हता आणि फोटोत मात्र आला, तो आगंतुक रंग. त्यासाठी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मी मुद्दाम निवडले आहेत, कारण कॅमेऱ्याला चकवणारं जवळजवळ सगळं इथे एकवटलं आहे. पावसाळ्यातले फेसाळ धबधबे आहेत, कोंडाण्याची अंधारी लेणी आहेत, घाटातून उतरणाऱ्या विजेच्या तारा आहेत, कौलारू छपरं आहेत, फार्महाऊसवरची लग्नं आहेत आणि पावसाच्या तोंडावर काजवे आहेत. इथे वर्षभर फोटो काढणाऱ्याला रंगांचे बहुतेक सगळे दोष भेटतात.

मला यात एकच गोष्ट पटवायची आहे. आगंतुक रंग पुसायला घेण्याआधी तो कोणत्या टप्प्यावर आत शिरला, हे शोधावं. त्याच टप्प्यावर दुरुस्ती केली तर बाकीच्या फोटोला धक्का लागत नाही. शोध न घेता पुसलं तर खरे रंगही त्याच्याबरोबर जातात, आणि गेलेला खरा रंग बघणाऱ्याला कधी कळतही नाही.

मोजलेले आणि भरलेले आकडे

रॉ फाईलमध्ये रंगीत चित्र नसतं. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका फक्त किती प्रकाश पडला तेवढं मोजतो. रंग कळावा म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक बारीक गाळणी बसवलेली असते. चार ठिपक्यांच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. तिचं अमेरिकी पेटंट १९७६ साली मिळालं आणि आज बहुतेक सगळे कॅमेरे आणि मोबाईल तिच्यावरच चालतात. माणसाच्या डोळ्याला बारकावे हिरव्याच्या आसपास जास्त कळतात, म्हणून हिरवे ठिपके दुप्पट. काही कॅमेरे वेगळी मांडणी वापरतात. फुजीने २०१२ च्या एक्स-प्रो१ पासून सहा बाय सहाची एक्स-ट्रान्स चौकट आणली.

याचा अर्थ असा, की २४ मेगापिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके असतात आणि प्रत्येकाला तीन आकडे लागतात, म्हणजे एकूण ७ कोटी २० लाख. त्यातले २ कोटी ४० लाखच खरोखर मोजलेले. उरलेले ४ कोटी ८० लाख प्रोग्रॅमने शेजारचे ठिपके बघून भरलेले असतात. या भरण्याला डिमोझेइकिंग म्हणतात. आपण मोठ्या अभिमानाने दाखवतो त्या प्रत्येक फोटोतला दोनतृतीयांश रंग असा हिशेबाने आलेला असतो. हिशेब बहुतेक वेळा कमालीचा बरोबर येतो, हे या क्षेत्रातल्या लोकांचं मोठंच काम आहे. तो चुकतो तेव्हाही ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक प्रकारेच चुकतो, म्हणून तर दोष शोधता येतो.

रंग चुकण्याची गोष्ट तशी रंगीत फोटोइतकीच जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये चौकटीच्या कापडाच्या फितीचं चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने पडद्यावर रंगीत करून दाखवलं. त्या काळच्या काचांवरचं रसायन लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळं होतं. तरी फितीवरचा लाल उमटला. शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून कारण काढलं. फितीच्या लाल रंगावरून डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाशही परावर्तित होत होता, मॅक्सवेलच्या लाल गाळणीतून तो पार जात होता, आणि काचेने लालऐवजी तोच टिपला होता. म्हणजे जगातल्या त्या पहिल्या रंगीत प्रयोगातही एक रंग चुकीच्या दाराने आला होता, योगायोगाने बरोबर जागी.

आपल्याकडे व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी केलेल्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या होत्या. १९३३ साली चित्रपट पडद्यावर आला तेव्हा रंग मनासारखे उतरले नव्हते. तिथे काम फिल्मच्या रसायनात आणि परदेशातल्या प्रयोगशाळेत अडकलेलं होतं, शांतारामांच्या हातात फारसं काही नव्हतं. आज ती सगळी प्रयोगशाळा आपल्या टेबलावर आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपीसारखे प्रोग्रॅम तर फुकट मिळतात आणि आतला प्रत्येक टप्पा उघडा करून दाखवतात. या प्रकरणातले सगळे उपाय मी त्या दोघांना धरून सांगतो आहे. पैसे देऊन घेतलेल्या प्रोग्रॅममध्येही यांतलं बहुतेक सगळं असतं, फक्त नावं बदलतात आणि काही टप्पे झाकलेले असतात.

टप्प्यांचा क्रम साधारण असा असतो. आधी सेन्सरची काळ्याची पातळी वजा होते, मग बिघडलेले ठिपके भरले जातात, लेन्समुळे सरकलेले रंग जागेवर आणले जातात, व्हाइट बॅलन्सचे गुणक लागतात, जळालेले उजेडाचे भाग सावरले जातात आणि त्यानंतर डिमोझेइकिंग. पुढे कॅमेऱ्याच्या रंगांचं डोळ्याच्या रंगांत रूपांतर, नॉइज, धार आणि बाकीची सजावट. प्रोग्रॅमनुसार थोडं मागेपुढे होतं. डिमोझेइकिंगच्या आधी राहिलेली चूक शेजारच्या ठिपक्यांत मुरते, हे मात्र सगळीकडे सारखं. एक ठिपका चुकीचा असेल तर नंतर त्याच्याभोवती रंगाची छोटी फुली तयार होते आणि मग पुसायला एकाऐवजी अनेक ठिपके असतात.

दोष कुठे आहे ते बघण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. फोटो १०० टक्के झूमवर बघावा, कारण पडद्यावर लहान करून दाखवताना प्रोग्रॅम स्वतःच बारीक नक्षीत खोटे पट्टे निर्माण करतो, ते फाईलमध्ये नसतात. आणि रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला जो छोटा जेपेग असतो, तोही बघावा. फोल्डरमध्ये दिसतो तो तोच. जेपेग ठीक आणि रॉ उघडल्यावर अर्धी चौकट गुलाबी किंवा हिरवी, रेषा मध्येच तुटून बाजूला सरकलेल्या, असं असेल तर रंगाचा प्रश्नच नाही. फाईल कॉपी होताना तुटली आहे किंवा कार्ड दगा देतं आहे. कार्ड पुसण्याआधी दुसऱ्या रीडरने पुन्हा कॉपी करावं. तेही साधलं नाही तर पोटातला जेपेग बाहेर काढून ठेवावा, तेवढाच वाचतो.

पांढऱ्यात, काळ्यात

आता ते गुलाबी पाणी. दिवसाच्या उजेडात सेन्सरचे हिरवे ठिपके लाल-निळ्यांपेक्षा जास्त प्रकाश पकडतात. म्हणून पांढरं पांढरं दिसावं यासाठी प्रोग्रॅम लालला साधारण दोनाने आणि निळ्याला दीडाने गुणतो. हे आकडे कॅमेऱ्यागणिक बदलतात, हिशेबापुरते धरू. पाणी इतकं उजळ आहे की तिन्ही प्रकारचे ठिपके भरून वाहिले आणि सगळे १५,००० वर अडकले. गुणाकारानंतर लाल ३०,०००, हिरवा १५,०००, निळा २२,५००. लाल आणि निळा वर, हिरवा खाली, म्हणजेच गुलाबी-जांभळा. शहाणा प्रोग्रॅम अशा ठिकाणी तिघांनाही हिरव्याच्या कमाल पातळीवर कापतो आणि पाणी पांढरं होतं.

पण कापायचं कुठे हे त्याला माहीत असावं लागतं. १४ बिटच्या फाईलमध्ये आकडा १६,३८३ पर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात एखादा सेन्सर १५,००० लाच भरतो. प्रोग्रॅमने १६,३८३ हीच कमाल धरली तर लाल आणि निळा पूर्ण शंभर टक्क्यांवर कापले जातात, हिरवा ९१-९२ टक्क्यांवर राहतो. त्या आठ-नऊ टक्क्यांचा तो फिकट गुलाबी पट्टा. कॅमेरा नवा आणि प्रोग्रॅम जुना असेल तर हे हमखास होतं. काही कॅमेऱ्यांत आयएसओ बदलला की ही कमाल पातळीही बदलते, त्यामुळे एकाच दिवशीचे काही फोटो गुलाबी आणि काही स्वच्छ निघतात. उपाय सरळ आहे. प्रोग्रॅम अद्ययावत करावा. तरी राहिला तर डार्कटेबलमधल्या रॉच्या काळ्या-पांढऱ्या पातळीच्या विभागात पांढऱ्याची पातळी हळूहळू खाली आणावी. एका ठिकाणी गुलाबी अचानक नाहीसा होतो. तिथेच थांबावं, त्याखाली गेलं तर चांगले उजळ तपशीलही कापले जातात.

पट्टा पाण्याच्या मधोमध नसून जळालेल्या भागाच्या कडेने अंगठीसारखा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हिरवा भरला आहे, लाल-निळा अजून शाबूत आहेत. ही चांगली बातमी आहे. हायलाइट पुन्हा उभारण्याची सोय चालू केली की प्रोग्रॅम उरलेल्या दोन रंगांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधतो आणि पाण्यासारख्या पांढऱ्या गोष्टीत तो बरोबर येतो. गणपतीसमोरच्या समईच्या ज्योतीत मात्र तो फसतो. पिवळ्या उजेडात आधी लाल भरतो, ज्योत लिंबासारखी पिवळी होते, आणि तिथला खरा केशरी किती होता हे सांगणारा पुरावाच फाईलमध्ये उरलेला नसतो. हळदीच्या कार्यक्रमात उन्हात उभ्या नवरीच्या गालावर जे सपाट पिवळे डाग येतात त्यांचंही हेच. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवूनच फोटो काढावा. कॅमेऱ्यावर लुकलुकणारी इशाऱ्याची पट्टी जेपेगवरून हिशेब करते, त्यामुळे रॉमध्ये नेमकं काय भरलं ते ती सांगत नाही. तरी लाल-हिरव्या-निळ्याचे वेगवेगळे आलेख दिसत असतील तर ते उघडे ठेवणं फार उपयोगाचं.

कोंडाण्याला अडचण उलट्या टोकाची. राजमाचीच्या पायथ्याचं हे बौद्ध लेणं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरलेली आहे, आणि एका शिल्पाजवळच्या लेखात ते घडवणारा कण्हाचा शिष्य बलक, अशी नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं नाव आपल्यापर्यंत पोचावं, ही मला या तालुक्यातली सगळ्यात थोर गोष्ट वाटते. पावसात लेण्याच्या तोंडावरून पाणी पडत असतं, बाहेर लख्ख, आत काळोख. फोटो बाहेरच्या उजेडाला धरून काढला आणि आतला काळोख तीन-चार स्टॉप उचलला, की दगडावर जांभळट छटा येते.

सेन्सर पूर्ण अंधारातही शून्य देत नाही. ५१२ किंवा २०४८ असा एक पाया त्यात धरलेला असतो आणि प्रोग्रॅम तो वजा करतो. समजा खरा पाया ५१२, वजा झाले ५०८. प्रत्येक ठिपक्यात ४ जास्त राहिले. व्हाइट बॅलन्सचा गुणाकार झाल्यावर लालमध्ये ८, निळ्यात ६, हिरव्यात ४. उजेडात हजारोंच्या आकड्यांपुढे याचा पत्ता लागत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात मूळ प्रकाशच ४० असतो, तिथे हा फरक उघड जांभळा दिसतो. जास्त वजा झालं तर तसाच हिरवा. काळ्याची पातळी दोन-चार अंकांनी हलवून बघितली की लगेच कळतं.

मात्र कोंडाण्यात हिरवी छटा दिसली म्हणून ती लगेच काढू नये. ऑगस्टमध्ये लेण्यात येणारा प्रकाश समोरच्या रानावरून उलटून येतो. तो खरोखरच हिरवट असतो आणि दगडावर पडल्यावर दगडही हिरवट दिसतो. दोन्ही हिरव्यांतला फरक जागेवरून ओळखता येतो. प्रकाशाचा हिरवा तोंडाकडे वळलेल्या पृष्ठांवर जास्त आणि आत वळलेल्या पृष्ठांवर कमी असतो. हिशेबातला हिरवा दिशा बघत नाही, जिथे जिथे काळोख तिथे तिथे तो सारखा असतो. पहिला तिथल्या श्रावणाचा आहे आणि तो ठेवलाच पाहिजे. दुसरा काढावा. आणि शक्य असेल तर अशा जागी तिपाईवर दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घ्यावेत, म्हणजे काळोख इतका उचलण्याची वेळच येत नाही.

मोबाईलच्या रॉमध्ये मधोमध एक छटा आणि चारही कोपऱ्यांत दुसरी, असा प्रकार दिसतो. लहान लेन्सचा कोपऱ्यातला रंगबदल सुधारण्याचा नकाशा फाईलसोबत येतो आणि सगळे प्रोग्रॅम तो वाचत नाहीत. वाचणारा प्रोग्रॅम वापरला की प्रश्न मिटतो.

कडा आणि विणी

खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ पासून चालू आहे, भिवपुरीचं १९२२ पासून. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली आणून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, ही योजना. त्यामुळे या दोन तालुक्यांत आभाळाकडे कॅमेरा केला की चौकटीत कुठेतरी तार येतेच. ढगाळ पांढऱ्या आभाळावरची काळी तार ही लेन्सची कसोटीच असते. तारेच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-निळी कड दिसली, चौकटीच्या मध्यावर ती अजिबात नसली आणि कोपऱ्याकडे वाढत गेली, तर लेन्सने तीन रंगांच्या प्रतिमा किंचित वेगवेगळ्या आकाराच्या पाडल्या आहेत. छिद्र लहान करून हे जात नाही. पण हिशेबाने अगदी स्वच्छ जातं, कारण चूक नियमित आहे. लाल आणि निळी प्रतिमा जराशी ताणायची किंवा आकसायची, बस्स. ही दुरुस्ती डिमोझेइकिंगच्या आधी केली तर उत्तम.

दुसरी कड जांभळी असते आणि ती चौकटीच्या मध्यावरही येते. एफ/१.८ वर काढलेल्या फोटोत फोकसच्या पुढच्या कडा जांभळ्या आणि मागच्या हिरव्या होतात, कारण सगळे रंग एकाच अंतरावर एकवटत नाहीत. एफ/४ किंवा एफ/५.६ केलं की बरीचशी जाते. उरलेली काढायला प्रत्येक प्रोग्रॅममध्ये जांभळी कड पुसणारं साधन असतं, आणि इथे मला कळकळीने एक सांगावंसं वाटतं. हे साधन संपूर्ण फोटोवर कधीही चालवू नये. माथेरानच्या उतारावर कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिची फुलं नेमक्या त्याच जांभळ्या-निळ्या पट्ट्यात असतात. आभाळाच्या कडेवरच्या फांद्या साफ करायला म्हणून स्लायडर ओढला, की खाली फुललेल्या कारवीच्या प्रत्येक पाकळीची कड राखाडी होते. भादव्यातल्या तेरड्याचंही तेच. ब्रशने फक्त त्या फांद्या निवडाव्यात, पाच मिनिटं जास्त लागतील.

नेरळ-कर्जतच्या गावांतली मंगलोरी कौलांची छपरं डोंगरावरून फार देखणी दिसतात. दूरवर त्या कौलांच्या ओळी इतक्या बारीक होतात की एक ओळ एका-दोन ठिपक्यांत मावते. लाल आणि निळे ठिपके सेन्सरवर एक सोडून एक ओळीत असतात, म्हणून त्यांना एवढी बारीक ओळ धड मोजता येत नाही. एकाच ओळीचा उजेड कधी लाल ठिपक्यावर पडतो, कधी दोन लालांच्या मधे. प्रोग्रॅमला वाटतं इथे रंग बदलतो आहे, आणि छपरावर हिरव्या-गुलाबी लाटा उमटतात. यालाच मॉयरे म्हणतात. पैठणीच्या बारीक विणीत, पत्र्याच्या कुंपणात, जाळीच्या ओढणीत तो अधिकच त्रास देतो. ओळखायची खूण अशी, की एक पाऊल पुढे-मागे होऊन काढलेल्या फोटोत लाटांचा आकार पूर्ण बदलतो, कापड मात्र तेच असतं.

इथे डिमोझेइकिंगची पद्धत बदलून बघणं फळतं. काही पद्धती बारीक तपशील जपतात आणि थोडा खोटा रंग सोडतात, काही उलट. सर्वोत्तम अशी एकच पद्धत नाही. उरलेल्या लाटांवर ब्रशने फक्त रंग गुळगुळीत करावा, उजेड-सावली तशीच राहू द्यावी, म्हणजे वीण दिसत राहते. पण पैठणीच्या पदरावर मोराच्या जागी ब्रश जपून. तिथले रंग खरोखरच तारेतारेला बदलतात आणि ज्या विणकराने ते बदलले त्याचं काम आपल्या ब्रशने सपाट होऊ नये. फोटो काढतानाच शंका आली तर एफ/११ किंवा एफ/१६ करावं. छिद्र लहान झाल्याने प्रतिमा जराशी मऊ होते आणि लाटा मावळतात.

लग्नमंडपातले निळे दिवे आणि रानातले हिरवे

कर्जतच्या फार्महाऊसवरच्या संगीताच्या रात्रीचे फोटो सुधारायला घेतलेल्या माणसाला सर्वांत जास्त छळतो तो निळा एलईडी. तो प्रकाश सुमारे ४५० ते ४६५ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात असतो. कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून डोळ्याचे रंग काढायचं गणित साध्या, मिश्र प्रकाशावर बेतलेलं आहे. असा एकाच पट्ट्यातला प्रकाश आला की उत्तरं पडद्याच्या रंगकक्षेबाहेर जातात, लाल किंवा हिरव्याला चक्क उणे आकडे येतात. ते शून्यावर कापले जातात आणि चेहऱ्याचा सगळा चढ-उतार जाऊन एक निळा-जांभळा गोळा उरतो. चित्रपटसृष्टीलाही हाच त्रास होता. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या एसेस या रंगपद्धतीत २०२१ मध्ये अशा कक्षेबाहेरच्या रंगांना आत ओढणारा खास टप्पा जोडला गेला. डार्कटेबलमध्येही रंगकक्षा आकसण्याचा स्लायडर आहे. तो आधी वाढवावा आणि मग बाकीचे रंग लावावेत. नंतर निळ्याचं सॅच्युरेशन कमी करून हे जमत नाही, कारण तोवर नाक-डोळे कापले गेलेले असतात. निळा आधीच भरून गेला असेल तर सरळ कृष्णधवल करावं आणि लाल-हिरव्याचे आकडे वापरावेत. त्यांत चेहरा बऱ्याचदा शाबूत सापडतो.

याच दिव्यांत फोटोवर आडवे रंगीत पट्टे आले तर प्रोग्रॅमकडे फारसा उपाय नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंद, हा तिथल्या तिथे करायचा इलाज. मंद होणाऱ्या रंगीत एलईडींची लुकलुक वेगळी असते, म्हणून एक फोटो काढून झूम करून बघावाच. काळा शेरवानी-कोट तपकिरी किंवा मरून दिसला तर पिवळ्या हॅलोजन दिव्यांचा अवरक्त प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतो आहे. कृत्रिम धाग्याचं काळं कापड तो खूप परावर्तित करतं. मॅक्सवेलच्या फितीचाच हा भाऊ, फक्त वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाचा. त्या कोटाची निवड करून रंग काढून टाकावा.

काजव्यांचं काम सगळ्यात नाजूक. मेअखेर ते जूनमध्ये, पहिल्या सरींच्या आगेमागे, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकतात. फोटोसाठी २०-३० सेकंदांची एक्स्पोजर एकामागून एक घ्यावी लागतात आणि नंतर प्रत्येकातले उजळ ठिपके एकावर एक रचायचे. रात्रही उकाड्याची असते. सेन्सर तापतो, आणि तापमान दर सहा-आठ अंशांनी वाढलं की अंधारातही साचणारा त्याचा प्रवाह साधारण दुप्पट होतो. काही ठिपके आपोआप भरतात. त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. डिमोझेइकिंगनंतर तेच लाल, निळे, हिरवे तारे होतात. एका फोटोत ते नगण्य वाटतात. पण काजवा जागा बदलतो आणि हॉट पिक्सेल बदलत नाही, त्यामुळे चाळीस फोटो रचल्यावर ते चांगलेच ठळक होतात.

लाल आणि निळे ओळखू येतात, काजवा पिवळट-हिरवाच चमकतो. हिरवे मात्र घोटाळा करतात. प्रोग्रॅममध्ये हॉट पिक्सेल आपोआप काढायची सोय असते, तिचा नियम एवढाच की शेजाऱ्यांपेक्षा फारच उजळ असलेला एकटा ठिपका म्हणजे दोष. रानाच्या आतल्या, लांबच्या काजव्याचा उजेड नेमका एक-दोन ठिपक्यांवरच पडतो. तो प्रोग्रॅमच्या लेखी दोषच ठरतो. स्लायडर पुढे नेला की जवळची झाडं उजळलेली राहतात आणि मागचं सगळं रान विझतं, फोटोची खोलीच जाते. म्हणून इथे आपोआप सफाई नको. लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे, त्याच आयएसओचे चार-पाच पूर्ण काळे फोटो काढावेत आणि प्रत्येक फोटोतून त्यांची सरासरी वजा करावी. काळ्या फोटोत जो ठिपका उजळ आहे तो सेन्सरचा, जो नाही तो काजव्याचा.

कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर असा काळा फोटो आपोआप घेण्याची सोय असते. ती इथे बंद ठेवावी, कारण त्यात अर्धी रात्र झाकण लावल्यासारखी जाते आणि रचलेल्या फोटोत काजव्यांच्या वाटा तुटतात. काळे फोटो शेवटचा काजव्यांचा फोटो झाल्याबरोबर, त्याच झाडाखाली, सेन्सर तापलेला असतानाच घ्यावेत. घरी पंख्याखाली घेतलेले चालत नाहीत, थंड सेन्सरचे हॉट पिक्सेल वेगळे आणि कमी असतात. या कामाला टॉर्चची गरज पडत नाही. कॅमेऱ्याचा पडदाही मंद करून ठेवावा, उजेडाने काजव्यांचं एकमेकांना खुणावणं बिघडतं.